घरगुती ध्वनिमुद्रणातील कॉम्प्रेसर

हा लेख ध्वनिसंकेताची पातळी आवरणाऱ्या उपकरणाविषयी आहे. हवा दाबणारे वा शीतकपाटातील यंत्र, तसेच एमपी-थ्रीसारखे ध्वनिधारिकेचे आकारमान घटवणारे तंत्र यांच्याशी त्याचा संबंध नाही.

कॉम्प्रेसर हे ध्वनिसंकेतातील मोठ्या व लहान आवाजांमधील अंतर कमी करणारे विद्युत उपकरण किंवा संगणकप्रणाली होय. ठरवून दिलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज ते ठरावीक प्रमाणात खाली आणते. या अंतराला ध्वनितंत्रज्ञ डायनॅमिक रेंज म्हणतात. आकाशवाणी, चित्रपट, ध्वनिमुद्रिका आणि जाहीर कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था या सर्व ठिकाणी कॉम्प्रेसर वापरला जातो. संगणकावर ध्वनिमुद्रण करणे आवाक्यात आल्यावर तो घरगुती मुद्रकांच्या खरेदीच्या यादीतही आला; मात्र या यादीत त्याला मिळणारे स्थान बहुधा त्याच्या खऱ्या गरजेपेक्षा वरचे असते.

पुण्यात 'कॉम्प्रेसर' म्हटले की प्रथम हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकची यंत्रे किंवा शीतकपाटाची दुरुस्ती आठवते. शब्द एकच असला तरी दाबण्याची वस्तू वेगळी आहे.

कार्यपद्धती

कॉम्प्रेसरची मुख्य नियंत्रणे चार असतात. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाज ज्या पातळीच्या वर गेला असता उपकरण कामाला लागते ती पातळी. रेशो म्हणजे दाबण्याचे प्रमाण. अटॅक म्हणजे उंबरठा ओलांडला गेल्यावर दाब लागू होण्यास लागणारा वेळ आणि रिलीज म्हणजे आवाज पुन्हा खाली आल्यावर दाब सुटण्यास लागणारा वेळ.

समजा उंबरठा उणे २० डेसिबेलवर आणि रेशो ४:१ आहे. गायकाचा स्वर उणे ८ डेसिबेलपर्यंत चढला, तर तो उंबरठ्याच्या १२ डेसिबेल वर गेला. ४:१ या प्रमाणाने त्या १२ पैकी केवळ ३ डेसिबेल शिल्लक राहतात आणि बाहेर पडणारा संकेत उणे १७ डेसिबेलचा असतो. म्हणजे ९ डेसिबेलची घट झाली. उंबरठ्याखालचा आवाज मात्र जसाच्या तसा राहतो. मोठे आवाज असे खाली आल्यावर संपूर्ण संकेत मेकअप गेन या नियंत्रणाने वर उचलता येतो. त्यामुळे कॉम्प्रेसर 'आवाज मोठा करतो' असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात तो फक्त मोठे आवाज लहान करतो. लहान आवाज नंतरच्या उचलण्यामुळे पुढे येतात. हा क्रम ध्यानात न घेतल्यामुळे घरगुती मुद्रणात बऱ्याच चुका होतात.

रेशो १०:१ किंवा त्याहून अधिक ठेवल्यास उपकरण व्यवहारात लिमिटरचे काम करते, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे संकेताला जवळजवळ जाऊच देत नाही. काही उपकरणांत नी नावाचे आणखी एक नियंत्रण असते. त्यामुळे दाब उंबरठ्यापाशी एकदम न येता हळूहळू वाढत जातो.

इतिहास

कॉम्प्रेसरचा उगम नभोवाणीत आहे. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात संकेत मर्यादेबाहेर गेला तर ध्वनी फाटतो आणि शेजारच्या वाहिनीतही अडथळा येतो. १९३० च्या दशकात अमेरिका व युरोपातील केंद्रांनी ही मर्यादा स्वयंचलितपणे राखणारे प्रवर्धक वापरण्यास आरंभ केला. तोवर हे काम फेडरवर बोट ठेवून बसलेल्या अभियंत्याचे होते.

पुढे चार प्रकारची मंडले प्रचलित झाली आणि आजचे स्वस्त उपकरण यांपैकी कोणत्या ना कोणत्या प्रकाराचे वंशज असते. निर्वात नलिकांच्या प्रकारातील फेअरचाइल्ड ६७० हे यंत्र १९५० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्यात २० नलिका व अनेक ट्रान्सफॉर्मर होते आणि त्याची रचना राइन नार्मा यांची होती. १९६० च्या दशकात जेम्स लॉरेन्स यांनी टेलेट्रॉनिक्स एलए-२ए तयार केले. त्यात संकेताच्या तीव्रतेनुसार एक प्रकाशपट्टी उजळते आणि तिच्यासमोरील प्रकाशसंवेदी रोध त्या प्रमाणात आवाज घटवतो. त्याची प्रतिक्रिया किंचित संथ व सौम्य असल्याने गायनासाठी ते प्रिय ठरले. बिल पटनम यांचे १९६७ मधील ११७६ हे यंत्र फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टरवर आधारित होते व त्याचा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत, वेगवान करता येतो. या यंत्राची अटॅक व रिलीजची बटणे उजवीकडे फिरवली असता वेग वाढतो. इतर बहुतेक यंत्रांत नेमके उलटे असल्याने त्याच्या नकला वापरणारे नवखे येथे हटकून फसतात. चौथा प्रकार विद्युतदाब-नियंत्रित प्रवर्धकाचा. डेव्हिड ब्लॅकमर यांनी स्थापन केलेल्या डीबीएक्स कंपनीने १९७० च्या दशकात तो रूढ केला. हा प्रकार स्वस्तात व आटोपशीर आकारात बनवता येत असल्यामुळे नंतरची बहुसंख्य कमी किमतीची यंत्रे याच पद्धतीची आहेत.

पुण्यातील पार्श्वभूमी

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तेव्हाच्या चित्रपटांचा ध्वनी फिल्मच्या कडेवर प्रकाशाने उमटवला जाई आणि त्या पट्टीवर फार मोठे किंवा फार लहान आवाज मावत नसत. प्रभातच्याच आवारात १९६० पासून सुरू झालेल्या भारतीय चित्रपट संस्थेत, म्हणजे आजच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत, ध्वनिमुद्रण हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले व १९५५-५६ मध्ये गीतरामायणाची मालिका याच केंद्रावरून प्रसारित झाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विद्यावाणी हे सामुदायिक रेडिओ केंद्रही शहरात आहे.

या परंपरेतील ध्वनिमुद्रण बंद, ध्वनिरोधक कक्षात होत असे. घरगुती मुद्रणाची जागा मात्र वाड्यातील खोली, सदनिकेतील शयनकक्ष किंवा भाड्याच्या खोलीचा कोपरा ही असते. छताचा पंखा, सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची मोटर, कुकरच्या शिट्ट्या, रस्त्यावरील दुचाकी आणि गणेशोत्सवापूर्वी काही आठवडे चालणारा ढोल-ताशा पथकांचा सराव हे तेथील कायमचे सोबती होत. कॉम्प्रेसरच्या निवडीशी या गोष्टींचा थेट संबंध आहे. मोठे आवाज १० डेसिबेल दाबून सर्व संकेत १० डेसिबेलने उचलला, तर दोन शब्दांमधील शांततेतला पंखाही तेवढाच उचलला जातो. उणे ६० डेसिबेलवर असलेली पार्श्वभूमीची घरघर उणे ५० वर येते आणि श्रोत्याला स्पष्ट ऐकू लागते. खोली दुरुस्त न करता कॉम्प्रेसर घेणे म्हणजे त्या खोलीचे दोष अधिक ठळकपणे मुद्रित करणे होय. गोधड्या, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट व माइकचे अंतर यांवर खर्च केलेला वेळ पहिल्या कॉम्प्रेसरपेक्षा अधिक फळ देतो.

मुद्रणाच्या वेळी आवश्यकता

चुंबकीय फितीच्या काळात मुद्रण करतानाच कॉम्प्रेसर लावण्याला ठोस कारण होते. फितीची स्वतःची खरखर असे. संकेत फार खाली ठेवला तर तो तिच्यात बुडे आणि फार वर नेला तर विकृत होई. १६ बिटच्या आरंभीच्या अंकीय यंत्रांतही, पल्ला सुमारे ९६ डेसिबेल असूनही, हीच सवय टिकून राहिली. २४ बिट मुद्रणाचा सैद्धांतिक पल्ला सुमारे १४४ डेसिबेल आहे. प्रत्यक्ष यंत्रे त्याहून बरीच कमी भरतात, तरीही कोणत्याही घरातील खोलीच्या शांततेपेक्षा ती अधिक शांत असतात. त्यामुळे गाण्याचा सर्वांत मोठा स्वर उणे १२ डेसिबेलच्या आसपास राहील अशा बेताने पातळी ठेवली, तर वर पुरेशी मोकळी जागा उरते व खाली काहीही हरवत नाही. दाबण्याचे काम नंतर संगणकावर, हवे तितके वेळा बदलून, करता येते. यंत्रातून जाताना चुकीचा दाब बसलेला स्वर मात्र पूर्ववत करता येत नाही.

३२ बिट फ्लोट पद्धतीची झूम एफ३ सारखी मुद्रकयंत्रे आल्यापासून मुद्रण करताना पातळी चुकण्याची भीतीही बरीच ओसरली आहे.

असे असले तरी यंत्र वापरण्याला दोन सबळ कारणे उरतात. पहिले, गाताना कानातील हेडफोनमध्ये दाबलेला, स्थिर आवाज ऐकू आला की काही गायक अधिक मोकळेपणाने गातात. संगणकातून फिरून येणाऱ्या आवाजाला किंचित विलंब लागतो, तो यंत्राला लागत नाही. दुसरे, काही मंडलांचा स्वतःचा रंग असतो व तो हवासा वाटू शकतो. तिसरे कारण म्हणून सांगितली जाणारी 'व्यावसायिक दर्जा' ही गोष्ट तपासून पाहिल्यास टिकत नाही.

आणखी एक अडचण खरेदीनंतरच लक्षात येते. स्वस्त ऑडिओ इंटरफेसमध्ये माइकचा पूर्वप्रवर्धक आणि अंकीय रूपांतरक एकाच पेटीत असतात व त्यांच्यामध्ये बाहेरचे यंत्र जोडायला जागा नसते. कॉम्प्रेसरला माइकचा क्षीण संकेत चालत नाही, त्याला लाइन पातळीचा संकेत लागतो. म्हणून स्वतंत्र पूर्वप्रवर्धक घ्यावा लागतो आणि त्यातून कॉम्प्रेसरमार्गे इंटरफेसच्या लाइन प्रवेशात जावे लागते. ठरवलेला खर्च येथेच दुप्पट होतो. दुसरा मार्ग म्हणजे आधी साधे मुद्रण करून मग तो आवाज इंटरफेसमधून बाहेर काढून कॉम्प्रेसरमधून परत आत आणणे. त्यासाठी इंटरफेसला ऐकण्याच्या दोन निर्गमांखेरीज आणखी निर्गम असावे लागतात. केवळ दोनच निर्गम असलेल्या यंत्रावर हा मार्ग फार गैरसोयीचा ठरतो.

संगणकप्रणाली

अंदाजपत्रक तोकडे असेल तर पहिली निवड येथेच करणे योग्य, कारण तीत प्रयोगाला पैसे पडत नाहीत. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रणालीत कॉम्प्रेसर अंगभूत आहे. मॅक संगणकासोबत मिळणाऱ्या गॅरेजबँडमध्येही तो असतो. रीपर या प्रणालीतील रीआकॉम्प दिसायला अगदी रुक्ष असला तरी त्यात वर वर्णिलेली सर्व नियंत्रणे आहेत, शिवाय संवेदक-मार्गावर गाळणी लावण्याची सोय आहे. विंडोजवरील इतर प्रणालींसाठी तो विनामूल्य संचातही उपलब्ध आहे. टोकियो डॉन लॅब्सचा कोटेलनिकोव्ह व क्लांगहेल्मचा डीसी१ए यांच्या विनामूल्य आवृत्त्या आहेत. यांपैकी डीसी१ए वर फिरवायची बटणे मोजकी असल्याने शिकण्यापेक्षा काम उरकण्यासाठी तो सोयीचा, तर कोटेलनिकोव्ह संपूर्ण मिश्रणावर स्वच्छ दाब देण्यासाठी नावाजला जातो.

ऐकून शिकण्याची एक जुनी पद्धत आहे. रेशो मुद्दाम फार मोठा व उंबरठा फार खाली ठेवावा, म्हणजे दाब विकृत वाटेपर्यंत ऐकू येतो. त्या अवस्थेत प्रथम अटॅक, मग रिलीज फिरवून प्रत्येकाचा परिणाम कानाने ओळखावा व त्यानंतर उंबरठा वर घेत दाब जेमतेम जाणवेल इतपत आणावा. शेवटी मेकअप गेनने आधीचा व नंतरचा आवाज समान मोठेपणाचा करून तुलना करावी. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. ही समानता न राखता केलेली तुलना निरुपयोगी असते. दुकानात एखादे यंत्र ऐकतानाही हाच नियम लागू होतो.

कमी किमतीची यंत्रे

अलेसिस ३६३० हे दोन वाहिन्यांचे यंत्र १९९० च्या दशकात घरगुती स्टुडिओंत सर्वत्र दिसे. स्वच्छतेबद्दल त्याची ख्याती नाही, तरी डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीने त्याच्या धापा टाकणाऱ्या दाबाचाच संगीतासाठी उपयोग केला. एफएमआर ऑडिओ या टेक्सासमधील छोट्या कंपनीचे आरएनसी १७७३ याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. पेटी लहान व दिसायला साधी, परंतु ध्वनी स्वच्छ. त्यातील 'सुपर नाइस' स्थितीत एकाच वेळी जबर दाब न देता तो अनेक टप्प्यांत थोडाथोडा दिला जातो. हे यंत्र स्टिरिओ जोडीसाठीच आहे, दोन वेगळ्या वाद्यांसाठी नाही. त्याच्या जोडण्याही असंतुलित प्रकारच्या असल्याने तारा आखूड ठेवाव्या लागतात.

डीबीएक्स २६६एक्सएस आणि बेहरिंगरच्या कंपोजर मालिकेतील एमडीएक्स२६०० ही मुख्यतः कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेसाठी बनवलेली दोन वाहिन्यांची यंत्रे आहेत. दोहोंत शांततेत संकेत बंद करणारे गेट आहे, तर एमडीएक्स२६०० मध्ये 'स', 'श' यांचा सीत्कार कमी करणारी सोयही आहे. आर्ट प्रो व्हीएलए २ हे प्रकाशीय पद्धतीचे असून संथ, गायनानुकूल दाबासाठी घेतले जाते. ११७६ च्या नकलांमध्ये क्लार्क टेक्निक ७६-केटी व वॉर्म ऑडिओ डब्ल्यूए-७६ ही मूळ यंत्रापेक्षा खूप कमी किमतीत मिळतात.

२०२१ मध्ये आलेल्या युनिव्हर्सल ऑडिओच्या व्होल्ट मालिकेतील १७६, २७६ व ४७६ या इंटरफेसमध्ये ११७६ च्या धर्तीचा कॉम्प्रेसर पूर्वप्रवर्धकानंतरच बसवलेला आहे. तीन ठरावीक मांडण्यांपलीकडे त्यात फारसे स्वातंत्र्य नाही. तरीही ज्याच्याकडे अद्याप इंटरफेसच नाही आणि गाताना दाबलेला आवाज ऐकायचा आहे, त्याच्यासाठी वेगळा पूर्वप्रवर्धक व वेगळे यंत्र घेण्यापेक्षा हा पर्याय सरळ पडतो.

भारतीय संगीतातील विचार

परदेशी मार्गदर्शिकांतील मांडण्या बहुधा ड्रम, बास गिटार व पाश्चात्त्य गायन यांच्यासाठी असतात. ख्यालगायनात विलंबितातील अस्फुट स्वरापासून तार सप्तकातील पुकारीपर्यंतचा चढउतार हाच आशयाचा भाग असतो. तो ४:१ ने सपाट केला तर मुद्रण 'नीट' होते आणि गाणे हरवते. येथे १.५:१ ते २:१ इतका मृदू रेशो आणि ३-४ डेसिबेलपर्यंतची घट पुरेशी होते. गायक व तानपुरा एकाच माइकवर असतील तर आणखी एक दोष उद्भवतो. स्वर लागला की तानपुरा दबतो, गायकाने श्वास घेतला की तो उसळून वर येतो. अखंड आस असलेल्या वाद्याची ही धाप कानाला फार लवकर खटकते. तानपुरा स्वतंत्र मार्गिकेवर घेणे हाच त्यावरील खरा उपाय आहे. रिलीज लांबवल्याने दोष फक्त सौम्य होतो.

तबल्याच्या बाबतीत अडचण डग्ग्याची आहे. त्याच्या घुमाऱ्यातील खालच्या कंपनांत ऊर्जा अधिक असल्याने कॉम्प्रेसर त्यावरच प्रतिक्रिया देतो आणि प्रत्येक 'धा'बरोबर दायाँची किनारही दबून जाते. ज्या यंत्रात किंवा प्रणालीत संवेदक-मार्गावर गाळणी आहे, तेथे सुमारे १०० ते १५० हर्ट्झच्या खालील भाग वगळला असता हा प्रकार थांबतो. तबला, ढोलकी किंवा पखवाज यांचे मुद्रण ज्यांना करायचे आहे, त्यांनी निवड करताना ही एक सोय इतर पाचांपेक्षा महत्त्वाची मानावी. अटॅक फार वेगवान ठेवल्यास ढोलकीची थाप बोथट होते. १० ते ३० मिलिसेकंदांचा अवधी दिला की आघात सुटतो आणि मागचा नाद आवरला जातो. भजनात टाळ व झांज गायकाच्या माइकमध्ये शिरतात. तेथे कॉम्प्रेसर गायकाऐवजी टाळालाच उत्तर देत राहतो आणि यंत्र महाग असल्याने त्यात फरक पडत नाही. बसण्याची रचना बदलावी लागते.

निवेदन व अभिवाचन

मराठी श्राव्यपुस्तके आणि पॉडकास्ट यांमुळे घरी बोलके मुद्रण करणाऱ्यांची संख्या वाढली आहे. या कामाला गायनापेक्षा अधिक दाब चालतो, कारण श्रोता रिक्षात किंवा स्वयंपाकघरात ऐकत असतो. ऑडिबलच्या एसीएक्स सेवेचे निकष येथे मापदंड म्हणून उपयोगी पडतात. सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबेल, शिखर उणे ३ च्या आत आणि शांततेतील घरघर उणे ६० च्या खाली असावी, असे ते सांगतात. ३:१ च्या आसपासचा रेशो व शेवटी लिमिटर एवढ्याने पहिल्या दोन अटी सहज पूर्ण होतात. तिसरी अट दाब वाढवला की मोडते व पुन्हा पंख्यापाशी येऊन थांबावे लागते.

गाणी प्रसिद्ध करताना अतिदाबाने ती अधिक मोठी ऐकू येतील, या समजाला आता आधार उरलेला नाही. स्पॉटिफाय व यूट्यूब आवाजाची सरासरी मोजून मोठे मुद्रण उणे १४ लफ्सच्या आसपास खाली आणतात. दाबून मोठे केलेले गाणे तेथे केवळ सपाट उरते.

खरेदी

पुण्यात विद्युत व इलेक्ट्रॉनिक सामानाची जुनी बाजारपेठ बुधवार पेठेत, तपकीर गल्ली व पासोड्या विठोबाच्या परिसरात आहे. तारा व पिना येथे सुट्या मिळतात. ६.३५ मिलिमीटरच्या पिनेला बाजारात पी-३८ म्हणतात व तीन टोकांच्या माइकच्या पिनेला कॅनन. संतुलित जोडणीसाठी पी-३८ स्टिरिओ मागावी लागते. मोनो पिन दिसायला जवळजवळ सारखीच असल्याने घरी आल्यावर गुणगुण ऐकू येऊ लागते व दोष यंत्राला दिला जातो.

परदेशातून मागवलेल्या यंत्रावर सीमाशुल्क व वस्तू आणि सेवा कर लागून किंमत बरीच वाढते. अमेरिकेतील यंत्र ११५ ते १२० व्होल्टचे असू शकते. मागील बाजूस २३० व्होल्टची निवड नसेल, तर रोहित्राचा खर्च धरूनच तुलना करावी. वापरलेले यंत्र घेताना ते जोडून दोन्ही वाहिन्यांवर एकच आवाज द्यावा, प्रत्येक बटण पूर्ण फिरवून खरखर होते का ते ऐकावे आणि संकेत नसताना मेकअप गेन पूर्ण वर नेऊन यंत्राची स्वतःची घरघर पाहावी. जुनी नियंत्रणे दमट हवेत गंजतात. खरखर साफसफाईने जाऊ शकते, पण एका वाहिनीची घट दुसरीपेक्षा वेगळी दिसत असेल तर ते यंत्र स्टिरिओ कामाचे राहिलेले नसते. जुन्या वाड्यातील विद्युतजोडणीत भूसंपर्क नसेल तर ५० हर्ट्झची गुणगुण कोणत्याही यंत्रात येते. ती यंत्र बदलून जात नाही, वायरमनकडून तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग करून घ्यावे लागते.